तिसऱ्या घराची चूल

एखाद्याचं घर गुपचूप बघून यायचं, तर रीतसर नाव नोंदवून, गळ्यात नावाची पट्टी अडकवून आणि वीस अनोळखी माणसांच्या रांगेत उभं राहून बघावं, ही अक्कल सुखदेवराव भुतेकरांची. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. धोका कुठे असतो ते त्याला कळायला हवं होतं. पण घरात धोका ओळखायचं खातं त्यांच्या बायकोकडे, नंदाबाईंकडे होतं, आणि या वेळी उतावीळ झाल्या होत्या त्याच.

गोष्ट अशी, की त्यांच्या पूर्वानं लग्न ठरवलं होतं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, तेजस सोवनी. कालव्यालगतच्या जुन्या कॉलनीत त्यांचा नव्वद वर्षांपूर्वीचा दगडी बंगला. रीतसर बघण्याचा कार्यक्रम पुढच्या रविवारी होता. त्याच्या आधी आईनं कसलीही चौकशी करायची नाही, असं पूर्वानं बजावून ठेवलं होतं. त्याला कारणही तसंच होतं. दोन वर्षांपूर्वी पुतणीच्या सासरची माहिती काढायला नंदाबाई त्या लोकांच्या सोसायटीत गेल्या आणि वॉचमन समजून नवऱ्या मुलाच्या काकालाच खोदूनखोदून विचारून आल्या. ते लग्न मोडलं. "आई, तू पुन्हा असलं काही केलंस," पूर्वा म्हणाली होती, "तर मी कोर्टात लग्न करीन आणि फोटो तुला फॅमिली ग्रुपवर दिसतील." पोरगी बोलल्याप्रमाणे करणारी होती. कोणावर गेली होती हे सांगायला नको.

म्हणून नंदाबाई गप्प होत्या. रात्री झोप लागत नव्हती, चहा गोड लागत नव्हता, पण गप्प होत्या. मग भाऊबिजेला सुखदेवरावांच्या फोनवर कोणीतरी ते पत्रक पाठवलं: दिवाळीच्या सुट्टीत जुनी घरं पाहा, चार बंगले, शनिवार-रविवार, सोबत फराळ. तिसऱ्या क्रमांकावर लिहिलं होतं, 'यमुनाकुंज, सोवनी कुटुंब'.

"अवं, हे तर त्याह्यचंच घर," सुखदेवराव म्हणाले. बुलढाणा सोडून पस्तीस वर्षं झाली, बिबवेवाडीत स्वतःचा फ्लॅट झाला, तरी आनंद झाला की त्यांची जीभ गावाकडे पळायची. "ही काही चौकशी नाही. ही तं सहल आहे."

नावं मात्र खोटी द्यायचं ठरलं. सुखदेवरावांनी स्वतःसाठी सर्जेराव हे नाव घेतलं, ते त्यांच्या जुन्या फोरमनचं. बायकोसाठी द्वारका घेतलं, ते त्या फोरमनच्या बायकोचं. दिवसभर त्या बाईचं नाव गळ्यात घालून फिरावं लागणार म्हणून नंदाबाई वैतागल्या, पण वैतागायला वेळ नव्हता. पूर्वा रविवारी सकाळीच ऑफिसात कसलंसं रिलीज आहे म्हणून निघून गेली. तिच्या मागोमाग हे दोघं निघाले.

पहिली दोन घरं नंदाबाईंनी बघितलीच नाहीत. रंगीत काचा होत्या, सागवानी जिना होता, कोणाच्या तरी आजोबांचा पितळी कंदील होता. साई नावाचा तरतरीत गाइड कमरेच्या स्पीकरमधून सगळं सांगत होता, आणि नंदाबाई मान डोलवत तिसऱ्या घराची वाट बघत होत्या.

यमुनाकुंजच्या फाटकातच पाटी होती: 'झोपाळ्यावर बसू नये. आजवर कोणी बसले नाही म्हणूनच तो टिकला आहे.' नंदाबाईंनी ती दोनदा वाचली. आत शिरताना चपला नंबराच्या पिशवीत घालून द्यायच्या होत्या. त्या मागच्या दारी मिळणार. पर्सा व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवायच्या, फोटोपुरता फोन तेवढा हातात चालेल. पुढच्या दारानं आत, मागच्या दारानं बाहेर, उलटं फिरायचं नाही. "जुनी फरशी आहे हो, गर्दी सोसत नाही तिला," साई म्हणाला. म्हणजे या घरात शिरलं की परतीची वाट बंद. नंदाबाईंना ते तेव्हाच खटकलं, पण पाय आत पडले होते.

मृणालिनीबाई सोवनी, म्हणजे तेजसची आई, दिवाणखान्यात उभ्या होत्या. गोऱ्या, सडपातळ, साठीच्या पुढच्या, आवाज इतका मऊ की माणूस आपोआप पुढे वाकून ऐकेल. नंदाबाई वाकूनच ऐकत होत्या. घर कसं बांधलं, आजेसासऱ्यांनी दगड कुठून आणला, एकही खिडकी कशी बदलली नाही, पंखेसुद्धा तेच कसे. बाई बोलायला चांगल्या होत्या. वाईट वाटावं असं त्यांच्यात काही सापडेना, आणि नंदाबाईंना त्याचंच जरा वाईट वाटलं.

मग सगळे स्वयंपाकघराच्या दारात आले. दाराला आडवी दोरी बांधली होती. पलीकडे सारवलेली जमीन, लिंपलेली चूल, आणि चुलीपाशी पाटावर नऊवारी नेसलेली, नाकात नथ घातलेली अडतिशीची एक बाई चकल्या तळत होती. लोकांनी तिचे फोटो काढायला सुरुवात केली. ती मान वर न करता हसली.

"ही आमची थोरली सून, दीपमाला," मृणालिनीबाई म्हणाल्या. "चूल आम्ही मुद्दाम परत घालून घेतली. लोकांना जिवंत स्वयंपाकघर बघायला आवडतं."

नंदाबाई त्या सुनेकडे बघतच नव्हत्या. त्या कढईकडे बघत होत्या. कढईत चकली नव्हतीच. तेलात सोडली की तिचे तुकडे होत होते, तुकड्यांचा चुरा होत होता, आणि ती बिचारी झाऱ्यानं चुरा गोळा करत होती. वीस माणसं ते बघत होती आणि एकालाही कळत नव्हतं. नंदाबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. तीन वेळा मिटले. चौथ्यांदा जमलं नाही.

"मोहन जास्त झालंय," त्या म्हणाल्या. "कोरडी भाजणी आहे का शिल्लक? दोन वाट्या घाला आणि कोमट पाण्यानं परत मळा."

सगळे वळले. मृणालिनीबाईंनी त्यांच्या गळ्यातली पट्टी वाचली. "द्वारकाबाई ना आपण? अहो, देवच पावला. आमच्या स्वयंपाकाच्या बाई ऐन वेळी आल्या नाहीत, आणि मला यातलं काडीचं कळत नाही. याल का जरा आत? दोनच मिनिटं." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं दोरी उचलली.

नको म्हणायला हवं होतं. नंदाबाईंच्या डोक्यात तो शब्द तयारही होता. पण समोर पीठ फुकट चाललेलं, आणि इतक्या लोकांसमोर बाई आर्जव करतेय. त्या वाकून दोरीखालून आत गेल्या. सुखदेवरावांनी डोळे वटारले, पण तोवर दोरी खाली आली होती.

दोन मिनिटांची वीस मिनिटं झाली. भाजणी घातली, पीठ मळलं, सोऱ्या भरला. दीपमालानं दुसरा पाट सरकवला, नंदाबाई बसल्या, आणि बसल्या त्या अडकल्याच. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले, पुढ्यात उकळतं तेल, पाठीला भिंत. डाव्या हाताला मागचं दार होतं, पण त्याची कडी, आणि अलीकडची दोरीही, गट बाहेर सोडायच्या वेळीच काढायची असं ठरलेलं. त्यांचा गट निघाला तेव्हा त्या सोऱ्या फिरवत होत्या. पहिली अख्खी चकली तेलात तरंगली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपल्या तेव्हा गट बाहेर होता आणि कडी लागली होती.

खिडकीच्या गजांतून सुखदेवरावांचा चेहरा दिसला. "न..." म्हणून त्यांनी जीभ चावली. "द्वारके! चाल ना, चौथं घर!"

"झालंच हं सर्जेराव," मृणालिनीबाईच गोड आवाजात म्हणाल्या. "चौथ्या घरात काही नाही हो बघण्यासारखं. तुम्ही जाऊन या, पुढचा गट सुटला की त्यांना आम्ही सोडतो." कोणीतरी आपल्याला सर्जेराव म्हणतंय आणि आपण तो नाही हे सांगायची सोय नाही, अशा चेहऱ्यानं सुखदेवराव खिडकीतून नाहीसे झाले.

दारात नवा गट आला. नवी वीस माणसं, नवे वीस फोन. नंदाबाईंना वाटलं, आपला फोटो आता पुण्यात कुठे कुठे जाईल आणि पूर्वाच्या फोनवर पोचायला किती वेळ लागेल? त्यांनी पदर पुढे ओढला. त्यानं त्या जास्तच घरंदाज दिसू लागल्या आणि लोकांनी जास्तच फोटो काढले. धुरानं डोळे चुरचुरत होते. सोऱ्या खाली ठेवावा तर दीपमालाचा हात चालेना, उठावं तर जायचं कुठे? असं अंगभर कोंडल्यासारखं त्यांना पूर्वी कधी झालं नव्हतं, बाळंतपणातसुद्धा नाही.

तोही गट बाहेर पडला, कढईत चकल्या होत्या म्हणून नंदाबाई याही वेळी राहिल्या, आणि मृणालिनीबाई दोरीपाशी येऊन उभ्या राहिल्या. "काय सुरेख हात आहे आपला! आमच्या दीपमालाला शिकायची आवड आहे, पण आधी वेळच मिळाला नाही. औषधं बनवण्याचं शिकलेली आहे ती, एम. फार्म. मोठ्या कंपनीत होती."

"मग आता?" नंदाबाईंनी विचारलं.

"आता घरातच. माझ्या सासूबाई पडल्या तेव्हा हिनं आपण होऊन रजा घेतली. अकरा वर्षं झाली. मग सासूबाई गेल्या, पण तोवर हिला या घराची इतकी सवय झाली, की घरच हिला सोडेना." त्या हसल्या. कोणावर काही लादणाऱ्या त्या नव्हत्याच. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. "आम्ही काही म्हणत नाही हो. पण एवढं मोठं घर, त्याला माणूस लागतं. आमच्या थोरल्या विश्वजीतची बदली नाशिकला झालीय, तो शनिवार-रविवार येतो. ही जाईल कशी? आता धाकट्याचं ठरत आलंय. बिबवेवाडीची मुलगी आहे. साधी माणसं आहेत म्हणतात. पुढच्या वर्षी चुलीपाशी दोघी बसतील, म्हणजे एकीला मध्येच उठता तरी येईल."

तिकडून पुढच्या गटाच्या गाइडनं हाक मारली आणि त्या गेल्या. नंदाबाईंच्या हातातला सोऱ्या थांबला होता. माझी पूर्वा, त्यांच्या मनात आलं, जिला इंजिनियर करायला यांनी जादा पाळ्या केल्या, ती इथे पाटावर. त्यांना इतका राग आला की चक्क रडू येईल असं वाटलं.

"तेल तापलंय फार," दीपमाला हळूच म्हणाली. मग आणखी हळू म्हणाली, "पूर्वा अगदी तुमच्यासारखी आहे. हनुवटी तर तीच."

नंदाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. ती सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत होती.

"मी नाही सांगणार आईंना," दीपमाला म्हणाली. "घर बघायला आलात. मीसुद्धा आले असते. माझ्या आईनं बघायला हवं होतं."

"मग तूच सांग मला," नंदाबाई म्हणाल्या. 'अहो' म्हणायचं भान राहिलं नाही. "देऊ का मुलगी या घरात? तू बाई आहेस. खरं सांग."

त्यांना उत्तर माहीत होतं. ते ऐकायचं, पुरावा म्हणून घरी न्यायचं आणि पूर्वापुढे ठेवायचं, मग कोर्टात जायचं तर खुशाल जा म्हणावं.

दीपमालानं झारा कढईच्या काठावर ठेवला. "द्या," ती म्हणाली.

"काय?"

"द्या हो. तुमच्या पाया पडते. नाशिकला एका औषधांच्या कारखान्यात मला जानेवारीपासून बोलावलंय. विश्वजीत म्हणतात, तेजसचं लग्न होऊ दे, घरात कोणी आलं की मी आईंशी बोलतो. याच्या आधी एकदा तेजसचं ठरलं होतं, ते मोडलं. तेव्हाची नोकरी गेली. या वेळची गेली तर पुन्हा मला कोण घेणार? चाळिशीला आलेय मी." तिनं नऊवारीच्या पदरानं डोळे पुसले. "तुमची मुलगी माझ्यासारखी नाही. ती भांडेल. तिचं होईल काहीतरी. माझं आता झालं तर याच वेळी. तुम्ही फक्त नाही म्हणू नका."

समोरची बाई कोणाची तरी मुलगी होती. नंदाबाईंना तिची दया येत होती आणि भीतीही वाटत होती. घरी जाऊन पूर्वाला सांगावं, तर आपण इथे आलो हे कबूल करावं लागणार, आणि मग पोरगी उलटी हट्टाला पेटणार. सांगू नये, तर पुढच्या रविवारी याच दिवाणखान्यात द्वारकाबाईंनी नंदाबाई म्हणून बसायचं. आणि काहीही करून लग्न मोडलंच, तर ही इथेच चुलीपाशी म्हातारी होणार, तेही आपल्यामुळे. कुठूनही वळा, भिंतच. त्यांनी पीठ भरलं आणि सोऱ्या फिरवला, कारण करण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

आणखी एक गट घेऊन साई परत दारात येऊन उभा राहिला तेव्हा आतल्या खोलीचं दार उघडलं. हिरव्यागार नऊवारीत, नथ सावरत, पूर्वा आली.

"ताई, उठा बरं आता," ती दीपमालाला म्हणाली. "सकाळपासून बसलायत. आता मी..."

तिनं दुसऱ्या पाटाकडे पाहिलं आणि तिचं वाक्य तिथेच राहिलं. ऑफिसातलं रिलीज ते हे. मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. दोघी खोटं बोलून आलेल्या, दोघी एकाच चुलीपाशी सापडलेल्या.

"ये गं," मृणालिनीबाई मागून म्हणाल्या. "द्वारकाबाई, मघाशी म्हटलं ना, तीच ही. आमची होणारी."

नंदाबाई उठल्या. पिठाच्या हातानंच त्यांनी गळ्यातली पट्टी काढली. "मी द्वारका नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज स्वयंपाकघरात खणखणीत वाजला. "मी नंदा भुतेकर. मी हिची आई."

पुढचं वाक्य तयार होतं: पूर्वा, चल घरी. पण मध्ये श्वास घ्यावा लागतो, आणि तेवढ्यात मृणालिनीबाईंनी टाळी वाजवली.

"अगबाई! विहीणबाई! आणि मी आपल्याला चुलीपाशी बसवलं! बघा हो मंडळी, मुलीची आई आपण होऊन आली, या घरच्या चुलीपाशी बसून आमचं दिवाळीचं केलं. आता रविवारी बघायचं काय राहिलं? दीपमाला, नारळ आण. तांदूळ आण."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. "हे आपल्या कार्यक्रमात नव्हतं बरं का!" साई स्पीकरमधून ओरडला. वीस फोन वर झाले. दीपमाला धावत गेली आणि धावतच आली, सबंध दिवसात पहिल्यांदा तिचे पाय एवढे हलले असतील. नंदाबाईंच्या कपाळाला कुंकू लागलं, पदरात तांदूळ पडले, नारळ पडला, तोंडात पेढा आला. खिडकीच्या गजांपाशी सुखदेवराव पोचले होते. त्यांनी बायकोची ओटी भरली जाताना पाहिली आणि सगळं छान जमलं असं समजून दोन्ही हात जोडले. सवाष्णीनं भरली ओटी वीस माणसांसमोर जमिनीवर ओतायची कशी, हे नंदाबाईंना कोणी शिकवलं नव्हतं. त्या पदर धरून उभ्या राहिल्या.

पूर्वा नमस्काराला वाकली. ती वर उठतेय तोच नंदाबाईंनी तिचा दंड पकडला आणि पेढ्यातूनच कुजबुजल्या, "तुला ठाऊक नाही. ही दीपमाला तुला आत घालून बाहेर पडायला बघतेय. ती जाणार आणि तू अडकणार."

"मला माहितीये, आई."

"काय माहितीये?"

"मीच म्हटलं त्यांना. जानेवारीत तुम्ही जा, मी आहे ना. अकरा वर्षं झाली गं त्यांना." पूर्वानं आईच्या हनुवटीला लागलेलं पीठ बोटानं पुसलं. "कोणीतरी यायलाच हवं होतं ना. मला काय, लॅपटॉप कुठेही चालतो. दोन वर्षं बघेन, मग काढू काहीतरी मार्ग."

नंदाबाईंनी सासूविरुद्ध बोलायची तयारी केली होती, तेजसविरुद्ध केली होती, पोरीच्या भाबडेपणाविरुद्धही केली होती. पोरीच्या चांगुलपणाविरुद्ध काय बोलायचं? लहानपणापासून हेच तर तिला शिकवलं होतं, कौतुक करकरून. दीपमाला कडी काढून मागच्या अंगणात उन्हात उभी राहिली होती आणि नथ काढून हातात घेतली होती. इतकं सुखी माणूस नंदाबाईंनी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं, आणि तिचा द्वेष करावा तर तोही जमेना.

"चला मंडळी, चौथं घर," साई म्हणाला. गट त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाहू लागला आणि ओटी सावरत त्या त्याच्याबरोबर बाहेर लोटल्या गेल्या. कोणीतरी चपलांची पिशवी हातात दिली. सुखदेवराव बोलत होते, त्यांना काही ऐकू आलं नाही. त्या वळल्या. दार लागलं होतं, आणि बाहेरच्या बाजूनं त्याला कडी नव्हती, मूठ नव्हती, ढकलायला नुसतं जुनं जाड सागवान.

आत कोणीतरी नवं आलं होतं. पूर्वाचा आवाज आला, हसरा, स्पष्ट, शाळेत भाषण करायची तसा.

"या ना, दोरीपर्यंत या. फोटो काढा हवं तर. मी इथेच बसलेय."